काचेत कोंडलेला श्वास

एका राज्यात, राजवाड्यामागच्या काचभट्टीपाशी, सासू-जावयाचं भांडण जुंपलं होतं. जावई म्हणजे खुद्द राजा रणधवल. सासू म्हणजे भिवरा काचारीण. तिची लेक गुंजा राणी झाली आणि भरल्या वयात वारली.

"आच वाढवायची नाही!" राजा तलवार उपसून गरजला.

"मग काच काय नुसत्या हुकमानं निवळायची, जावईबापू?"

त्याचं असं झालं. गुंजाचा प्राण जाताना राजानं मांत्रिक बोलावला. मांत्रिकानं तिचा शेवटचा श्वास धरला आणि वितळल्या काचेत सोडला. बोराएवढा बुडबुडा! तो निसटू नये म्हणून राजानं भट्टी मंद ठेवली. काचरस काकवीसारखा दाट राहिला. त्याच दिवशी राज्यातलं सारं पातळ ते गढूळ झालं. ते पाणी पिऊन लेकरं दगावू लागली.

भट्टीवरची साळुंकी बोलली, "पाणी निवळा, मद्य निवळा, काच निवळा. शाप सुटेल."

भिवरानं माठात निवळीचं बी उगाळलं. पाणी नितळ झालं. द्राक्षाच्या मद्यात अंड्यातलं पांढरं फेटून घातलं. गाळ तळाशी बसला, मद्य माणकासारखं झळकलं. पण दिवस कलला तशी दोन्ही पुन्हा गढुळली. तिसरं राहिलं होतं ना!

"बाकी काच निवळा. तेवढा बुडबुडा राहू द्या."

"बुडबुडा राहिला तर ती निवळली कसली? मला शिकवता?"

"आई ना तुम्ही तिची? काळीज आहे की दगड?"

भिवरानं भट्टीच्या झरोक्याकडे पाहिलं. झरोक्यातून तो बुडबुडा पाहिल्याशिवाय तिलाही घास उतरत नसे; हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मग ती एकच वाक्य बोलली.

राजानं तलवार खाली ठेवली आणि स्वतः भाता ओढला. आच पांढरी झाली, रस पातळ झाला. भिवरानं त्यात ओली फांदी खुपसली. तळातून उकळी फुटली. बारीकसारीक बुडबुडे तिच्यासंगं वर निघाले. सगळ्यांमागून तो निघाला. वर आला, फुटला. आवाजसुद्धा झाला नाही.

विहिरींचं पाणी निवळून तळ दिसू लागले. बाया घागरी घेऊन धावल्या. भिवरा मात्र भट्टीपाशी मटकन बसली. काचेतून पलीकडची भिंत दिसत होती, नुसती भिंत.

आणि भांडण मिटवणारं ते वाक्य होतं, "जावईबापू, तुम्हाला नि मला रडायला जागा हवी, म्हणून माझ्या पोरीनं किती दिवस श्वास रोखून बसायचं?"