धुतलेलं करडू

एका गावात एक बाई राहायची. इतकी टापटिपीची, की तिच्या अंगणातून कोंबडीसुद्धा पाय पुसून जाते, असं शेजारी चिडवायचे. येणारी-जाणारी धनगरीण पाणी मागायची, तेव्हा बाई तिला कुंपणापाशीच थांबवायची.

"तिथंच ओंजळ धर गं. मेंढरांचा वास येतो तुला."

एका सकाळी बाईची शेळी व्याली. करडू ओलंचिंब, चिकट, अंगभर गवताच्या काड्या. शेळीनं चाटायला मान वळवली, तोच बाईनं ते उचललं.

"शी! काय हे ध्यान!"

तिनं त्याला शिकेकाईनं न्हाऊ घातलं, धुपाची धुरी दिली आणि कौतुकानं आईपुढे ठेवलं.

शेळीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि धडक मारली.

करडू दूध प्यायला धडपडत सडाकडे गेलं. पुन्हा धडक! शेळी मात्र कोपरान् कोपरा हुंगत, ओरडत फिरत होती. लेकरू समोर उभं होतं आणि ती लेकरालाच शोधत होती.

दुपारपर्यंत करडानं मान टाकली. आईचा चीक पोटात गेला नाही, तर ते जगणार नव्हतं. बाई रडकुंडीला आली. "अगं, तुझंच आहे ते! डोळे फुटले का तुझे?"

"डोळे धड हायेत तिचे," पाणी मागायला आलेली धनगरीण कुंपणापलीकडून म्हणाली. "पण लेकरू ती नाकानं वळखती, बाई. चाटून चाटून त्याचा वास पाठ करती. तुम्ही तोच धुऊन टाकलात."

"मग आता गं?"

"करडामागनं पडलेली तिची वार हाय बघा गवतात. ती चोळा करडाला."

बाईच्या अंगावर काटा आला. "तूच चोळ ना. तुला सवय आहे."

"चोळली असती की. पण माझ्या हाताला मेंढरांचा वास," धनगरीण हसली. "तुम्हीच म्हणता न्हवं?"

करडानं डोळे मिटले. बाईनं पदर खोचला आणि दोन्ही हात त्या रक्ताळ चिकट्यात घातले. पाठ, पोट, कान, शेपूट, सगळीकडे चोळलं.

शेळी जवळ आली. हुंगलं. थबकली. मग तोंड न उघडताच तिच्या गळ्यातून एक हळुवार घुमणारा आवाज निघाला. इतक्या वर्षांत बाईनं तो कधी ऐकला नव्हता.

"ही बोली फक्त नव्या लेकरासाठी असती," धनगरीण कुजबुजली.

शेळी चाटू लागली. करडानं डोळे उघडले, उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि सड तोंडात धरला. इवलीशी शेपूट थरथरू लागली. चाटता चाटता शेळीनं बाईचे हातही चाटले. बाई त्या ओल्या गवतातच मटकन बसली. श्वास घ्यायलाही तिला भीती वाटत होती.

बऱ्याच वेळानं ती कुंपणाकडे वळली. "आत ये गं. ओसरीवर बस. पाणी आणते तुला."

"आणा की," धनगरीण म्हणाली, "पर आधी हात तरी धुवा!"

तात्पर्य: ज्याला आपलं म्हणायचं, त्याला आधी धुऊन घ्यायचं नसतं, आहे तसं, त्याच्या वासासकट जवळ घ्यायचं असतं.