वाकडी कवचं

फार जुनी नाही, बंदराला तेलाच्या बोटी नुकत्या लागू लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. तळाच्या चिखलात ठकूआजी नावाची चिंबोरी जातीची खेकडी राहायची. तिच्या शेजारी लाखो कणशिंपल्या नांदत, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक.

बोटींचं काळं तेल तळाशी बसू लागलं. मासे मरत आणि आयते आजीच्या दारात पडत. आजी खूश!

एकदा कणशिंपल्या म्हणाल्या, "आजी, आमच्या पोरींची कवचं वाकडी येतायत. चिखल नासलाय. आम्हाला पाठीवर घे, वरच्या खाडीत जाऊ."

आजी हसली. "तुम्ही सरळ होतात तेव्हा तरी कुणाला दिसत होतात गं? आणि भरलं ताट सोडून मी कुठं जाऊ?"

पुढे मेलेले मासेही येईनात, कारण मरायलाच कुणी उरलं नव्हतं. आजीनं जुनं कवच टाकलं, तर नवं आलं तेही वाकडं.

तिनं चिखलाला पाठ टेकली. "चला पोरींनो, बसा. निघू या."

त्या इतक्या हलक्या, की बसल्या तरी कळलं नसतं. म्हणून आजी पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "बसलात का गं सगळ्या?"

चिखल गप्पच होता.