शिसवी गादी

“महाराज, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

अद्वयानंदांच्या हातात पातळ पात्याची सुरी होती.

मठातली ती शिसवी खुर्ची. सगळे तिला गादीच म्हणत. मूळपुरुषापासून मठाचा प्रत्येक गुरू तिच्यावर बसलेला. उद्या आताचे गुरू निरंजनबुवा आपल्या हाताने शिष्य अद्वयानंदांना तिच्यावर बसवणार होते.

पावसाळ्यात छप्पर गळलं आणि खुर्चीच्या पाठीवरचं विनिअर, म्हणजे वर चिकटवलेला शिसवाचा पातळ थर, एका कोपऱ्यात फुगलं. लाकडाच्या रेषेरेषेने चीर दे, आत सरस घाल, वर वजन ठेव, एवढंच बुवांनी सांगितलं होतं.

पण अद्वयानंद पडले चिकित्सक. पूर्वाश्रमी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. फुगा चिरून ते थांबतात कसले! त्यांनी सुरी आणखी आत सरकवली, आणि हातभर पापुद्रा केळीच्या सोपटासारखा सुटून आला.

खाली चहाच्या खोक्याच्या फळ्या! गंजलेले खिळे, किडीची भोकं. एका फळीवर ‘ही बाजू वर’ असं इंग्रजीत छापलेलं, आणि शेजारचा बाण जमिनीकडे.

अद्वयानंदांच्या तोंडचं पाणीच पळालं. रोज पहाटे जिच्यापुढे माथा टेकवला, ती गादी म्हणजे वाण्याच्या दुकानातलं खोकं!

“होतं ठाऊक,” बुवा म्हणाले.

“ही शिसवी नाही!”

“वरून आहे की.”

“कागदाएवढं जाड!”

“म्हणून तर म्हटलं, जपून.”

“महाराज, लोक लांबून येतात हिच्या दर्शनाला. वरून कीर्तन, आतून तमाशा... आणि तुम्ही म्हणता चिकटव?”

“तुझं काय म्हणणं?”

“सोलून काढतो सगळं. खोकं तर खोकं! उद्या लोकांना खरं काय ते दिसू दे. नाहीतर मी बसायचा नाही.”

बोलता बोलता त्यांनी पापुद्र्याला हिसका दिला. कडेचा एक तुकडा तुटून खाली पडला.

बुवांनी तो उचलला. धूळ फुंकली. मांडीवर ठेवला.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “काढ सगळं.”

अद्वयानंद चमकले. इतक्या लवकर होकार मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“पण आधी ती छाटी काढ.”

“...काय?”

“अंगावरची भगवी छाटी. उद्या लोक तिलाही नमस्कार करतील. तिच्या आत काय आहे ते मला माहीत आहे. त्यांनाही दिसू दे.”

बुवांनी हात पुढे केला. चेष्टा करत नव्हते.

मागे बुवांना ताप चढला होता, त्या दिवसाची अद्वयानंदांना आठवण झाली. उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवताना मनात आलं होतं... हे गेले, की गादी आपली. ओठांवरसुद्धा आलं नव्हतं ते. आणि तरीही म्हाताऱ्याला ठाऊक होतं! ठाऊक असून त्याने उद्याचा मुहूर्त धरला होता.

त्यांनी छातीवरची छाटी दोन्ही मुठींत गच्च धरली.

“महाराज... एवढं नको.”

हात तसाच पुढे.

“लोकांसमोर नको... पाया पडतो.”

बाहेर मांडववाले बांबू ठोकत होते. आता बुवा सभामंडपात सगळ्यांसमोर उभं करतात की काय, ही भीती अद्वयानंदांच्या मनातून जाईना.

बुवांनी हात मागे घेतला. मांडीवरचा तुकडा पालथा करून त्याला सरस लावला, खुर्चीपाशी सरकले आणि तो जागच्या जागी बसवला.

“ये मग,” ते म्हणाले. “तो कोपरा दाबून धर.”