माइक घ्या, कॅप्टन

कॅप्टन राजाध्यक्षांबद्दल एकाही सहवैमानिकाने कधी तक्रार केली नव्हती, आणि नेमकं हेच नव्या सहवैमानिक मृण्मयी टिपणीसला खटकत होतं. ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही, त्याच्यासमोर बोलायची सोयच नसणार!

शंका खरी निघाली. विमान धावपट्टीच्या तोंडाशी आलं. इथे सहवैमानिकाने एकेक गोष्ट विचारायची आणि कॅप्टनने बघून उत्तर द्यायचं, असा नियम. मृण्मयीने तोंड उघडताच राजाध्यक्ष गुरकावले, "सगळं झालंय, तू गप्प बस. माझ्या कॉकपिटमध्ये मला कुणी तपासत नाही. याला आत्मविश्वास म्हणतात!"

"बरं, सर." तिने माइक पुढे केला. "मग प्रवाशांना तेवढं सांगून टाका, की आज कॅप्टनला तपासणारं कुणी नाही."

राजाध्यक्षांनी माइक घेतला. मागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसली होती. बटण न दाबताच माइक जागेवर ठेवत राजाध्यक्ष पुटपुटले, "विचारा, टिपणीस."

"उड्डाणासाठी पंखांचे फ्लॅप उघडलेत?"

राजाध्यक्षांनी फ्लॅपच्या खटक्याकडे पाहिलं. फ्लॅप न उघडता भरलेलं विमान धावपट्टी संपली तरी उचललं जात नाही.

"नाही."