अंतोबा कासाराचं हसू

‘हुप्प, हुप्प, हुप्प, खीः!’ हा आवाज मी कितीतरी वर्षांपूर्वी ऐकला. तो एका माणसाच्या हसण्याचा होता.

एका बाजारगावात अंतोबा नावाचा कासार होता. बांगड्या भरताना तो असा हसायचा. काचेची बांगडी चढताना दुखतं, म्हणून बाई हात ताठ करते, आणि ताठ हातावर काच टिकत नाही. अंतोबा हसला, की समोरची बाईही हसे. तिचा हात सैल पडे. तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असे.

शहरात ॲनिमेशन शिकणारी ऋजुता एकदा त्या बाजारात आली. परीक्षेसाठी तिला हलत्या चित्रांची एक गोष्ट करायची होती, कॉमिक्ससारखी. गोष्टीत एक हसरा राक्षस होता. पुस्तकांतले, इंटरनेटवरचे राक्षस पाहून तिने पुष्कळ चित्रं काढली, पण ते सगळे एकसारखेच हसत. अंतोबाचं हसू कानावर आलं आणि ती तिथेच बसली. तिने त्याला रीतसर विचारलं.

“राक्षसाला माझं हसू?” अंतोबा म्हणाला. “घे की बाई. पण मग तो माणसं खायची सोडून बांगड्या भरत बसंल.”

ती दर बाजाराला येऊ लागली. काका, पुन्हा एकदा. काका, तोंड जरा इकडे. असं म्हणत मोबाइलवर टिपू लागली, चित्रं काढू लागली. एकदा तिने कौतुकाने ती चित्रं त्याला दाखवली. पडलेला दात, मिटलेले डोळे, हलणारं पोट. अंतोबाने स्वतःला हसताना कधी पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग छान आहे म्हणाला.

पुढच्या बाजारी तो ओठ मिटून बसला. हसू आलंच, तर आधी मोबाइलकडे बघे, आणि ते तिथेच विरून जाई. त्या दिवशी डोहाळजेवणाचा हिरवा चुडा भरायला आलेल्या पोरीच्या हातावर बांगडी वाढली. फुटली असं म्हणत नाहीत. पोरीच्या हाताला रक्त आलं.

तिची सासू सगुणाबाई म्हणाली, “हसायचं विसरलास होय रे, अंतोबा?”

“विसरलो नाही, वहिनी. सारखं आठवतंय, म्हणून येत नाही.”

ऋजुताने ते ऐकलं. तिचं एकच चित्र राहिलं होतं. हसू संपताना चेहरा कसा होतो, ते. त्याच्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. तरी ती म्हणाली, “काका, माझं काम झालं. आता नाही येत मी.”

परीक्षेच्या तोंडावर मात्र तिला राहवेना. ती आली आणि गुळाच्या दुकानाआड उभी राहिली. एक बाई अंतोबाला म्हणत होती, की पोट आवर, नाहीतर बांगड्यांची टोपली कलंडेल. अंतोबा हसला. अगदी पूर्वीसारखा. पण तिला दिसत होती ती त्याची पाठ. चेहरा पाहायचा, तर समोर जायला हवं होतं.

तिने मोबाइल पिशवीत टाकला. त्याच्या हसण्याने गदगदणारे खांदे थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग एसटी स्टँडकडे चालू लागली.

तात्पर्य: दुसऱ्याकडचं चांगलं जरूर घ्यावं, पण ते त्याच्यापाशीही शिल्लक राहील, अशा बेताने घ्यावं.