जायाक्का आणि बुधाजीची काठी

फार वर्षांपूर्वी, निवेळच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर तरीवाल्याला हाका मारून मारून घसा बसत असे, तेव्हाची ही गोष्ट. यातलं खरं किती आणि लोकांच्या पदरचं किती, ते मला विचारू नका. मी ऐकली तशी सांगतो.

त्या निवेळमध्ये खवळ्यांच्या बुधाजीशी लग्न होऊन जायू आली. पुढे गावानं तिला जायाक्का म्हटलं, पण आली तेव्हा ती नुसती जायू होती आणि तिला एका जागी बसता येत नव्हतं. पायाला भिंगरी लावलेलीच जणू. भाकरी थापता थापता अंगणात जाऊन यायची, जेवताना पानावरून उठायची, कुणी गोष्ट सांगायला लागलं तर ती संपायच्या आत हिचं अर्धं अंगण झाडून व्हायचं. सासू म्हणायची, "वायच बस गो. जमीन काय पळान जाणा नाय." जायू बसायची. सासूची पाठ वळली की उठायची. असं म्हणतात, रात्री ती अंथरुणावर निजायची आणि पहाटे कुशी बदलत बदलत उंबऱ्याशी पोचलेली असायची.

एकच गोष्ट तिला जरा ताळ्यावर आणी, ती म्हणजे धागा. तिच्या माहेरी तरीच्या वाटेवर एक पटवेकरी बसे. रेशमाचे करगोटे वळायचे, गळ्यातल्या पोतीला गोंडे लावायचे, हा त्याचा धंदा. लहानपणी जायू त्याच्यासमोर उभी राहून तासन् तास बघत असे. बसत नसेच, पण उभी तरी राही. पटवेकऱ्यानं तिला काही शिकवलं नाही. तिनं ते डोळ्यांनीच उचललं.

निवेळची माणसं गरवणारी. खडपावर, म्हणजे पाण्यात घुसलेल्या खडकावर, उभं राहायचं, लांब काठीनं गरी पाण्यात सोडायची आणि मासा लागायची वाट बघायची, याला इकडे गरवणं म्हणतात. काठी चिव्याची. चिवा म्हणजे बारीक, आतून भरीव असा बांबू. चांगला चिवट असतो, पण खाऱ्या वाऱ्यानं आणि उन्हानं पेरांपाशी चिरतो. मग चिरेवर काथ्या गुंडाळायचा आणि वेळ मारून न्यायची. दिसायला ती काठी चिंध्या बांधलेल्या दुखऱ्या पायासारखी दिसे, पण माशाला कुठे काठी दिसते म्हणून कुणी मनावर घेत नसे.

जायूला मात्र ते बघवेना. एके दिवशी तिनं बुधाजीच्या काठीवरचा काथ्या उपटून टाकला आणि एकेक पेर रेशमानं बांधायला घेतलं. धाग्याला धागा असा चिकटून की मध्ये नख जाऊ नये. तिच्या कामात गाठ कुठेच नसे. शेवटचे वेढे घेण्याआधी ती त्यांच्याखाली दोऱ्याचा एक फासा ठेवी, वेढे संपले की धाग्याचं टोक फाशात ओवी आणि फासा ओढून घेई. टोक आपसूक वेढ्यांच्या पोटात जाई. वरून होडीला लावतात त्या चंद्रसाच्या रोगणाचा हात दिला की पाणी आत शिरायची सोय उरत नसे. मग मुठीच्या वर तिनं लाल आणि पिवळे धागे तिरपे एकमेकांवरून नेले, तशी शंकरपाळ्यांची ओळच्या ओळ उमटली.

मासे काही रेशीम बघून येत नाहीत. पण काठी चिरायची थांबली, आणि पुरुष माणूस किती नटवा असतो ते काय सांगायचं? आठवडा गेला नाही तोच अख्खं निवेळ आपापली काठी घेऊन खवळ्यांच्या दारात. जायूनं प्रत्येक घराला वेगळी नक्षी दिली. कुणाला माशाचे खवले, कुणाला मुंग्यांची रांग, कुणाला नागमोडी. लांबून काठी दिसली की घर ओळखू येई.

बुधाजीलाही हे शिकायचं होतं. तो डावरा. त्याचे वेढे उलट्या बाजूनं जात, आणि फासा ओढायचं तर त्याला जन्मात जमलं नाही. शेवटी तो सरळ एक गाठ मारून मोकळा व्हायचा.

"ही गाठ काय रे?" जायू म्हणायची. "उकडीचो मोदक बांधलंस काय?"

"घट्ट आसा ना? मगे झाला," तो म्हणायचा आणि हसायचा. तो गेला की जायू ते सगळं उसवून पुन्हा बांधायची.

आता ऐका, हौसेची फजिती कशी होते ते. एका वर्षी गरवायला गेलेला एक जण लाटेनं खडपावरून ओढून नेला. माणूस मिळाला नाही, काठी तेवढी किनाऱ्याला लागली. नक्षीवरून घर कळलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी तसंच झालं. तेवढ्यावरून गावानं नेम करून टाकला, काठी इली म्हणजे माणूस गेलो. मग शोध नाही, होडी काढणं नाही. काठी दारात ठेवायची, बाईच्या बांगड्या फोडायच्या आणि दिवस घालायचे. जायूनं नटवण्यासाठी केलेलं काम मरणाची खूण होऊन बसलं. त्यानंतर किती दिवस तिला रेशमाला हात लावायचा धीर झाला नाही. घरातल्या घरात येरझाऱ्या घालायची.

आणि मग बुधाजीच परतला नाही. दिवाळी होऊन गेली होती, दर्या शांत होता, तो एकटाच लहान होडी घेऊन बाहेर गेला आणि दुपारी कुठून तरी तुफान उठलं. तुफान शमलं, तरी होडी आली नाही. जायू किनाऱ्यावर चालत राहिली. या टोकाच्या खडपापासून त्या टोकाच्या माडांपर्यंत, आणि परत. कुणी पेज आणून दिली तर चालता चालता प्यायली. असं म्हणतात, तिच्या पायांनी वाळूत एवढी खोल वाट पडली की भरतीचं पाणी त्या वाटेनं ओहोळासारखं वाहू लागलं.

एका सकाळी त्याच वाटेत तिच्या पायाला काठी लागली. लाल-पिवळी शंकरपाळी. बुधाजीची.

बघता बघता माणसं गोळा झाली. गावाचा मुख्य रावजी तांडेल. माणूस वाईट नव्हता, पण एकदा ठरलं ते ठरलं या जातीचा. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं. बायका जायूला धरायला पुढे झाल्या, कारण आता बांगड्या फोडायच्या होत्या.

जायूचं तिकडे लक्षच नव्हतं. काठीच्या मधल्या पेरावर तिला ओळखू न येणारा एक पट्टा होता. काळा आणि तांबडा. तिनं असा पट्टा घातलाच नव्हता. पण ते रेशीम तिच्या ओळखीचं होतं. तिनंच वळलेला बुधाजीच्या कमरेचा करगोटा, उसवून धागा धागा केलेला.

रावजीनंही तो ओळखला. "करगोटो सुटलो, पोरी," तो हळूच म्हणाला. "आता आणखी काय बघूचा रवला?"

त्याचंही खोटं नव्हतं. पुरुषाच्या कमरेचा करगोटा सुटतो तो सरणावर जाताना. जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जायूलाही त्या क्षणाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आता खाली बसावं.

पण हात थांबेनात. ती त्या पट्ट्यावरून बोटं फिरवत होती. वेढे उलट्या बाजूनं गेलेले. शेवटी ही एवढी मोठी गाठ.

"हयसर काठी मोडलेली आसा," ती म्हणाली. "मोडल्यावर तेनी ती बांधली. स्वताच्या हातान करगोटो सोडून बांधली. मेलेलो माणूस काठी बांधता काय?"

"दर्याच्या पाण्यात धागो गुंडाळता, पोरी."

"गुंडाळता. पण दर्याक गाठ मारूक येत नाय."

मग तिनं नखानं गाठीतून काहीतरी उचकटून काढलं आणि रावजीच्या तळव्यावर ठेवलं. तो तांबोशीचा खवला होता, गुलाबी, अजून ओला. म्हणजे काठी बांधल्यावर तिच्यावर मासा लागला होता. आणि एवढ्या मोठ्या खवल्याची तांबोशी खाडीत नसते, किनाऱ्यालगतही नसते. ती मिळते बाहेर, कावळेखडपाच्या कपारीत, जिथे पाणकावळ्यांखेरीज कुणी राहत नाही.

आणि आता थांबायला वेळ नव्हता. कारण ज्या काठीवर तो तिकडे पोट भरत होता, तीच त्यानं भरतीच्या पाण्यात सोडली होती. निवेळला काठी आली की काय करतात, ते त्याला पक्कं माहीत होतं. तरी सोडली. बायको धागा वाचील या एका भरवशावर. आता त्याच्याकडे ना काठी होती ना खायला काही.

"होडी काढा," ती म्हणाली.

पण बाहेर धुकं उतरलं होतं. हाताला हात दिसत नव्हता, आणि कावळेखडपाभोवती पाण्याखाली दगडांचे सुळके. रावजी म्हणाला, धुकं जाऊ दे, मग बघू. पुरुष माना खाली घालून वाळूत बसले. चिलमी निघाल्या. वाट बघायची म्हणजे बसायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

जायू मात्र फिरतच राहिली. बसलेल्या माणसांच्या मधून, इकडून तिकडे. कुणाला शिवी दिली नाही, कुणाला हात जोडले नाहीत. नुसती फिरत राहिली आणि जाता येता एकेकाच्या बायकोसमोर थांबून एवढंच विचारी, "तुझ्या घोवाची काठी मियाच बांधलंय. ती इली, तर तू बसशीत?"

पहिली उठली ती तिची सासू, जिनं उभ्या जन्मात सुनेला फक्त "बस" एवढंच सांगितलं होतं. मग दुसरी उठली. मग सगळ्या. बायकांनी पदर खोचले आणि होडीला खांदा लावला. होडी वाळूवरून सरकायला लागली तसे पुरुष ओशाळून चिलमी विझवत उठले, आणि सगळ्यांच्या आधी वल्ह्याला हात घातला तो रावजीनं. ते त्याचं मोठेपण.

निघताना जायूनं रेशमाची रिळं घेतली. एकाचं टोक सासूच्या मनगटाला बांधलं आणि ते रीळ स्वतःच्या हातात घेऊन ती होडीत चढली. धुक्यातून परत यायचं तर वाट हवी. असं म्हणतात, ते एकच रीळ कावळेखडपापर्यंत पुरलं. सुटत गेलं, सुटत गेलं, पण हातात होतं तेवढंच राहिलं. असंही म्हणतात की होडी परत येईपर्यंत दर्यानं भरती थोपवून धरली. रीळ पुरलं हे मी मानतो. भरतीचं मात्र तुम्ही ठरवा.

किनाऱ्यावर सासू मनगट उचलून उभी राहिली. ती बसली असती तर धागा पाण्यात भिजून तळाला दगडांत अडकला असता, म्हणून ती बसली नाही. म्हातारीला उभी बघून मागे राहिलेलं गावही बसलं नाही. लेकरं, आजारी, सगळे उभे. दिवस कलला तरी उभे.

खडपाच्या कपारीत बुधाजी पडलेला होता. पावसाचं साचलेलं पाणी पिऊन तगलेला, ओठ फुटलेले, कमरेला करगोटा नाही. जायू त्याच्यापाशी पोचली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"वाचलंस?" त्यानं विचारलं.

"वाचलंय," ती म्हणाली. "गाठ पयल्यासारखीच. काय सुधारूक नाय तू." आणि मग तिला रडू कोसळलं. एवढी रडली की रावजी तांडेलानं तोंड फिरवून उगाच वल्ह्याची दोरी आवळली.

धागा धरून होडी परत आली.

त्यानंतर निवेळमध्ये तो जुना नेम मोडला. आता कुणाची काठी येवो, फळी येवो, नुसती टोपी येवो, बांगड्यांना कुणी हात लावत नाही. दर्यावर गेलेलं माणूस वेळेवर परतलं नाही की निवेळमध्ये बसत नाहीत. यालाच जायाक्काचं उभं राहणं म्हणतात. होड्या शोधाला जातात आणि मागे राहिलेला गाव किनाऱ्यावर उभा राहतो. शाळा सुटून मुलं येतात, दुकानदार फळी लावून येतो. थकलेलं माणूस घरी जाऊन निजून येतं, पण किनाऱ्यावर कुणी टेकत नाही.

सगळीच माणसं काही मिळत नाहीत. दर्या तो दर्याच. तेव्हा किती दिवस उभं राहायचं, हे गाव ठरवत नाही, देऊळ ठरवत नाही, तांडेलही ठरवत नाही. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरची बाई जेव्हा आपण होऊन वाळूत बसते, तेव्हा तिच्या आजूबाजूला सगळा गाव बसतो. तिच्या आधी कुणीही नाही.

तारींच्या घरची मोतन अजून बसलेली नाही. तिचा मुलगा दर्यावर गेला त्याला बराच काळ झाला. म्हणून तुम्ही कधी निवेळला गेलात, भर दुपारी गेलात किंवा जोराचा वारा सुटलेला असताना गेलात, तर किनाऱ्यावर एक म्हातारी बाई दिसेल आणि तिच्या शेजारी गावातलं कुणी ना कुणी, आपली पाळी म्हणून, उभं असेल.