गुडघाभर उंचीची घडवंची

ऐका बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीसुद्धा कान द्या. गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा नदीला बारमाही पाणी असायचं, आणि नदीकाठच्या एका गावात राजाच्या निशाणांचं कापड रंगायचं. काय तो मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग! अहाहा! तसला लाल आता औषधालासुद्धा सापडत नाही.

तिथल्या रंगाच्या कारखान्याच्या अंगणात ताडासारखे उंच खांब होते. त्यांच्यावर चढून ओलं कापड वाळत सोडायचं काम रखमाजी रंगाऱ्याचं. वर पोचला की तो असा खडा आवाज लावायचा, की पैलतीरावरची गुरं माना वर करायची. गावातल्या बायका त्याच्या गाण्यावर दळण उरकायच्या. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

वर चढताना मात्र रखमाजी फार जपायचा. कमरेला दोर, तो धरायला खाली दोन गडी. आधी खांबाला नमस्कार, मग गाठ ओढून बघायची, आणि मगच पाऊल वर. इतकी वर्षं गेली, पण त्याला कधी साधं खरचटलं नाही.

त्याच कारखान्यात चुलाणाजवळ एक घडवंची होती. जेमतेम गुडघ्याएवढी. फळीवरची रंगाची मडकी काढायला सगळे तिच्यावर चढायचे. तिचा एक पाय डुगडुगत होता, पण त्याखाली खापरी सारून काम चालायचं.

रखमाजीची बायको येसाबाई कढई ढवळायची. ती म्हणाली, "अहो, सुताराला बोलवा ना. एखाद्या दिवशी घात होईल हो."

"अगं, आभाळाला हात लावून येणारा माणूस मी! एवढ्याशा उंचीवरून पडायला मी काय तान्हं मूल आहे?" रखमाजी हसला. गडीही हसले. सुतार राहिला तो राहिलाच.

दसरा तोंडावर आला. निशाणांची एकच घाई उडाली. रखमाजी मडकं काढायला घडवंचीवर चढला, खापरी सरकली, आणि मडक्यासकट तो पाठीवर आपटला. अंगभर लाल रंग!

गडी खो खो हसायला लागले. खांबावरून पडला असता तर सगळे किंचाळत धावले असते. घडवंचीवरून पडणाऱ्याला मात्र हसायचं, अशी तिथली रीतच होती.

"उठा की दादा! आभाळातून एकदम पाताळात?" एक गडी म्हणाला.

रखमाजीही ओशाळून हसत होता. हसत हसत उठायला गेला, तर उठता येईना.

"येसा," तो हळूच म्हणाला, "माझे पाय कुठं आहेत गं?"

सगळ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. येसाबाई ढवळणं टाकून धावली. चुलाणाच्या दगडी काठावर त्याची कंबर आदळली होती. वैद्य आले, लेप झाले, नवस झाले, पण पाय काही हलले नाहीत.

गडी खाटेपाशी येऊन रडले. रखमाजी त्यांना म्हणाला, "बाबांनो, खांबाला मी रोज भ्यालो, म्हणून त्यानं मला रोज सुखरूप खाली सोडलं. या घडवंचीला एक दिवस भ्यालो असतो तर!"

तो खाटेला खिळल्यावर खांबावर चढायला कोणी धजेना. कापड वाळूत पसरून वाळवलं, ते डागाळलं. राजाने निशाणांचं काम दुसऱ्या गावाला दिलं, आणि कारखाना हळूहळू ओस पडला.

येसाबाई मात्र रोज नवऱ्याच्या पायांना तेल चोळायची. "मी सांगितलं होतं," असं ती एकदाही म्हणाली नाही. चोळता चोळता फक्त विचारायची, "काही कळतंय का हो?"

"कळतंय की, कळतंय," तो म्हणायचा. ते खोटं असायचं, आणि तिलाही ते ठाऊक असायचं.

तात्पर्य: कंबर मोडायला गुडघाभर उंचीही पुरते, म्हणून जिथे पाय ठेवायचा, तिथे आधी हात लावून बघावं.